तळहातावरचा ख्रिस्तप्रसाद

कॅथलिकांच्या मिस्सेत मी एकदा ख्रिस्तप्रसाद हातावर घेतला, फादरांना "थँक्यू फादर" म्हटलं आणि तो न खाता तळहातावर धरून जागेवर येऊन बसले. वर, बाकीचे सगळे खायला कधी सुरुवात करतात याची वाट बघत राहिले.

कॅथलिक वाचकांनी एव्हाना कपाळावर हात मारून घेतला असेल. आमचे प्रॉटेस्टंट वाचक विचारतील, मग यात चुकलं काय? आणि जे या दोन्हींतले नाहीत ते म्हणतील, या बाई बोलतायत कशाबद्दल? म्हणून नीट सांगते.

आमच्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्यातून एकदा येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून प्रभुभोजन असतं. मंडळीचे पंच ताटल्या घेऊन बाकाबाकांवरून फिरतात. ताटलीत पावाचे बारीक तुकडे. आपण एक उचलायचा आणि हातात धरून गप्प बसायचं. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीपर्यंत ताटली पोचली की पाळकसाहेब म्हणतात, "आता सर्वांनी मिळून घेऊ या." मग अख्खी मंडळी एकदम खाते. लहानपणी एकदा मी तुकडा आधीच तोंडात टाकला, तर आईनं दंडाला असा चिमटा काढला की पुढचं गाणं मी रडत रडत म्हटलं. तेव्हापासून हातातला तुकडा धरून थांबणं म्हणजे चांगल्या घरचं लक्षण, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

कॅथलिकांत तसं नसतं. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, माणसं रांगेनं फादरांपुढे जातात. फादर त्या पांढऱ्या पातळ चकतीला ख्रिस्ताचं शरीर म्हणतात, घेणारा "आमेन" म्हणतो आणि तिथल्या तिथे मुखात घेतो. ती नुसती आठवण नव्हे, तो खरोखर ख्रिस्तच, असा त्यांचा विश्वास. म्हणून तो हातात धरून हिंडायचा नसतो. आणि मुख्य म्हणजे तो कॅथलिकांनाच मिळतो. पाहुण्यांनी जागेवर बसून राहायचं.

मला हे ठाऊक नव्हतं, असं लिहायला फार आवडलं असतं. थांबायचं नसतं हे खरंच ठाऊक नव्हतं. पण जायचं नसतं हे पुरतं ठाऊक होतं. मुलीनं गाडीत घोडेगाव येईपर्यंत तेच पालुपद लावलं होतं. "आई, सगळे उठले तरी तू उठायचं नाही. ऐकतेयस ना?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते. ऐकत होते, पण ऐकणार नव्हते.

आम्ही निघालो होतो सोनईच्या पुढच्या एका गावी, मुलीच्या लग्नाची बोलणी करायला. मुलगी नगरच्या एका दवाखान्यात नर्स, मुलगा तिथेच लॅबमध्ये. मुलगा सज्जन, निर्व्यसनी, माझ्यासमोर चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवणारा. नाव ठेवायला जागाच नव्हती. एकच गोष्ट सोडून. तो कॅथलिक होता.

आता हिंदू शेजारणींना हे समजावता समजावता माझा घसा बसायचा. "अहो, तोही ख्रिश्चन, तुम्हीही ख्रिश्चन, मग अडतंय कुठं?" त्यांना काय सांगणार! आमचे आजे-पणजे सगळे याच जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधले. एका वस्तीत अमेरिकेतला मिशनरी साहेब आधी पोचला, दुसरीत जर्मन फादर. कोणाचा घोडा आधी पोचला, यावर कोण प्रॉटेस्टंट नि कोण कॅथलिक हे ठरलं. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी पन्नाशीची होते, संडे स्कूलची बाई होते, महिला मंडळाची अध्यक्ष होते आणि अख्ख्या धर्मसुधारणेचा भार माझ्याच पाठीवर आहे अशा थाटात चालत होते. कॅथलिक म्हणजे जपमाळ ओढणारे, मरियेपुढे मेणबत्त्या लावणारे आणि रोमच्या पोपाला विचारल्याशिवाय शिंकसुद्धा न देणारे लोक, ही माझी एकंदर माहिती.

पर्समध्ये मी दोन अटी घेऊन निघाले होते. लग्न आमच्या चर्चमध्ये, आमच्या पाळकसाहेबांच्या हातून. आणि नातवंडांचा बाप्तिस्मा आमच्यात. "दोन्ही मान्य असेल तर हो, नाहीतर गाडी वळवायची," असं मी आमच्या ह्यांना सांगून ठेवलं होतं. हे म्हणाले, "गाडी भाड्याची आहे, ड्रायव्हरला जेवायला मटण मिळेल असं सांगून आणलंय. वळवायची तर जेवणानंतर वळव."

रविवार होता. विहीणबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, आधी मिस्सेला या आणि मग घरी बोलू असा निरोप दिला होता. त्या चर्चच्या दारातच उभ्या होत्या. ठेंगणी, काळी, हसरी बाई. नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात जपमाळ. मला बघताच दोन्ही हातांनी माझे हात धरले. "सलाम हो बाई. लई उशीर केला. मला वाटलं, शिंगनापूरच्या गर्दीत अडाकलात का काय."

"अडकलो होतो," मी म्हटलं आणि जपमाळेकडे असं बघितलं की जणू ती चावेल.

बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. सतरंज्या अंथरलेल्या. मी विहीणबाईंच्या शेजारी, माझ्या पलीकडे मुलगी. मिस्सा सुरू झाली आणि माझी तारांबळ उडाली. मी उभी राहीपर्यंत सगळे बसायचे, मी बसेपर्यंत सगळे गुडघ्यावर. पुरुषांच्या अंगाला आमचे हे तर प्रत्येक वेळी अर्ध्यातच असायचे, ना बसलेले ना उभे. पण भजनं सुरू झाली तशी मी चमकले. चाली आमच्याच! पेटी, तबला, टाळ, सगळं आमच्यासारखं. मला जरा रागच आला. आमच्या चाली यांनी कधी उचलल्या? (पुढे कळलं, विहीणबाईंना माझ्याबद्दल नेमका हाच राग आला होता.)

मग प्रसादाची वेळ झाली. बायका उठून रांगेत जायला लागल्या. मुलीनं माझा पदर धरला. "आई, बस."

"का? मेज प्रभूचं आहे ना? मग मला अडवणारे हे कोण?"

"आई, प्लीज."

आमच्या मंडळीत पाळकसाहेब दर वेळी सांगतात की बाप्तिस्मा झालेल्या, कुठल्याही मंडळीच्या माणसाला या मेजावर जागा आहे. मग यांनाच एवढा ताठा कसला? पदर सोडवून मी रांगेत घुसले. पुढची बाई हातावर प्रसाद मिळताच तोंडात टाकून मोकळी झाली, तेव्हा मी मनात म्हटलं, काय हा अधाशीपणा, बाकीच्यांचं होऊ द्यावं की जरा! माझी पाळी आली. फादरांनी चकती वर धरली, "ख्रिस्ताचे शरीर" म्हणाले. आता काहीतरी बोलायचं असतं एवढं कळलं, पण काय ते कळेना. तोंडातून निघालं, "थँक्यू फादर."

फादर क्षणभर थांबले. मागे रांग होती. त्यांनी चकती माझ्या तळहातावर ठेवली आणि मी ऐटीत परत येऊन बसले.

बसले ती बसलेच. रांग संपली. फादर वेदीवरची भांडी पुसायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय, की आता म्हणतील, आता म्हणतील, सर्वांनी मिळून घेऊ या. शेजारी विहीणबाई डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हाताकडे बघितलं आणि त्यांचा रंगच उडाला.

"अगं बया! खावा ना!"

"थांबा हो. फादर सांगतील ना."

"ते कशाला सांगत्यात? खावा आधी!"

"पण बाकीच्यांचं व्हायचंय की."

"समद्यांचं झालं! तुमीच ऱ्हायलाय!"

एव्हाना मागच्या दोघी-तिघींनी माना वाकवून बघितलं होतं. कुजबुज सुरू झाली, "नगरच्या बाईनं परसाद घरी न्यायला धरलाय." पुरुषांच्या अंगाहून एक मास्तर उठून आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, हितंच घ्या. माझ्यासमोर." औषध घेत नाही म्हणून लेकराला दटावतात तसे. घामानं मऊ पडून ती चकती तळहाताला चिकटली होती. सगळ्या चर्चसमोर मी ती ओठांनी उचलून गिळली. चव कशाची लागणार! कानांत मात्र मुलीचा श्वास ऐकू येत होता. ती रडत होती.

मिस्सेनंतर फादरांनी व्हरांड्यात बोलावलं. मी, आमचे हे, मुलगी, मुलगा आणि विहीणबाई. (मुलाचे वडील तो कॉलेजात असतानाच गेले होते. घराचा कारभार विहीणबाईंचाच.) फादर तरुण होते, रागावलेले नव्हते, आणि त्यामुळेच मी जास्त चिडले. मीच तोंड उघडलं.

"फादर, ते मेज प्रभूचं की तुमचं?"

"प्रभूचंच, बाई. माझं असतं तर तुम्हाला कधीच नाही म्हटलं नसतं. माझं नाही, म्हणून मला मर्जीनं वाटता येत नाही."

"आमचे पाळकसाहेब तर तुमच्या माणसांनाही देतात."

"देत असतील. मी त्यांना नावं ठेवत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की एका पंगतीत बसण्याआधी आपण एक व्हावं."

"आणि आमचं म्हणणं, पंगतीत बसल्याशिवाय एक होणार कसं?"

फादर म्हणाले, "याचं उत्तर माझ्यापेक्षा मोठ्या माणसांना सापडलेलं नाही." मला त्यांची थोडी दया आली, पण दाखवली नाही.

मग लग्नाचा विषय निघाला. ते म्हणाले, लग्न तुमच्या चर्चमध्येही होऊ शकतं, त्यासाठी महागुरुस्वामींची, म्हणजे त्यांच्या बिशपांची, परवानगी आणावी लागेल. मुलीला धर्म बदलायला कोणी सांगणार नाही. तिचा बाप्तिस्माही आम्ही मानतो, पुन्हा करायची गरज नाही.

"म्हणजे आमचं पाणी तुम्हाला चालतं, भाकर चालत नाही?"

विहीणबाईंना हसू फुटलं, पदर तोंडात कोंबावा लागला. फादरही हसले. पण पुढचं वाक्य त्यांनी हसत सांगितलं नाही. मुलाला मात्र वचन द्यावं लागेल, की मुलंबाळं कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी तो होईल तेवढं सगळं करेल.

मी पर्स उचलली. "मग हे लग्न होणार नाही."

आता सांगते, त्या क्षणी माझ्या मनात ना धर्मसुधारणा होती ना नातवंडं. अजून जन्माला न आलेल्या नातवाच्या डोक्यावर कोण पाणी घालणार याच्याशी मला तेव्हा काय देणंघेणं! माझी भर चर्चमध्ये शोभा झाली होती, आणि तिचा हिशेब कोणाकडून तरी चुकता करून घ्यायचा होता. आणि त्यात माझ्या लेकीचं लग्न मोडत होतं.

मुलगी उठली. डोळे लाल, पण आवाज शांत. "आई, आपल्यात पोप नाही, आपल्या आणि देवाच्या मध्ये कोणी नाही, हे मला कोणी शिकवलं?"

"मीच."

"मग आपल्या घरात तू कोण आहेस?"

आमचे हे आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध बोलले, तेही फादरांकडे बघून. "फादर, तुमचा एक रोमला असतो. आमच्यात घरटी एक असतो."

मी पर्स खाली ठेवली. हसू आलं नाही, पण पुन्हा बसले. विहीणबाई माझ्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "लगीन तुमच्याच चर्चात करू. लेकीचं लगीन आईच्या दारात व्हावं. फादर, तुमी सायबाला लिवा." मग मला, "पोरांचं म्हनाल तर पोरं हुंद्या तर आधी. आत्तापासून कशाला भांडून दमायचं?"

त्यांच्याकडचं काम झटक्यात झालं. फादरांनी लिहिलं, बिशपांचं उत्तर आलं. घोळ झाला तो आमच्याकडे, जिथे म्हणे कोणाचीच परवानगी लागत नाही! आमच्या पंचांची सभा बसली. कॅथलिक फादरला आपल्या वेदीपाशी उभं राहून आशीर्वाद देऊ द्यावा का, हा मुद्दा. चर्चचे पडदे कोणत्या रंगाचे, यावर ज्यांचं वर्षभर एकमत झालं नव्हतं, ते या विषयावर काय एकत्र येणार! एक गट म्हणाला, उभं राहू द्या. दुसरा म्हणाला, राहू द्या, पण खालच्या पायरीवर. तिसरा सभेतून उठून गेला. हे मी विहीणबाईंना फोनवर सांगितलं, तर पलीकडून हसण्याचा धबधबा. "आमच्यात बरं बाई, एकाला इचारलं की झालं. तुमच्यात समद्यांना इचारायचं, तरी कोनतरी रुसतंयच!"

शेवटी फादर वरच्याच पायरीवर उभे राहिले. पाळकसाहेबांनी स्वतः हात धरून नेलं आणि पंचांकडे वळूनही बघितलं नाही. लग्न झालं. विहीणबाई आमच्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या आणि गुडघ्यावर यायची सोयच नाही म्हणून सगळा वेळ चुळबुळत राहिल्या.

नात झाली, आणि व्हरांड्यात तहकूब झालेलं भांडण पुन्हा उभं राहिलं. जावयानं वचन दिलं होतं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "त्याचं वचन मोडायला मी लावणार नाही. देव दोन आहेत का, आई?" मी दोन रात्री तळमळले. हे घोरत होते. तिसऱ्या दिवशी मीच सोनाराकडे गेले आणि नातीसाठी चांदीचा क्रूस आणला. साधा, आमच्यासारखा, येशूची मूर्ती नसलेला. तेवढा हट्ट माझा राहू द्या म्हटलं.

स्नानसंस्कार, त्यांच्यात बाप्तिस्म्याला असं म्हणतात, त्याच गावच्या चर्चमध्ये मिस्सेत होता. मी पुन्हा त्याच सतरंजीवर. मुलगी आणि जावई बाळाला घेऊन पुढे बसले होते. आमचे हे पुरुषांच्या अंगाला खांबाला टेकून. नातीच्या डोक्यावर पाणी पडलं, तशी ती किंचाळली, आणि मला आनंद झाला. आमच्या घराण्याचा गळा होता तो. विहीणबाई शेजारी ताठ गुडघ्यांवर होत्या, सगळी लांब प्रार्थना होईपर्यंत तशाच, हलल्यासुद्धा नाहीत.

प्रसादाची वेळ आली. या वेळी मी हात पदराखाली घेऊन बसले. बायका उठल्या. सतरंजी रिकामी होत चालली. पंगत बसलेली असताना आपण दारात उभं असावं तसं वाटतं ते. कोणी अपमान केलेला नसतो, तरी लागतं. मी मान खाली घातली. मग लक्षात आलं, शेजारचा नऊवारीचा काठ अजून तिथेच आहे. विहीणबाई उठल्या नव्हत्या. मांडी घालून बसल्या होत्या, हातात जपमाळ.

"अहो, जा ना," मी म्हटलं. "नातीचा दिवस आहे."

त्यांनी नुसती मान हलवली.

कॅथलिक गावात मिस्सेला येऊन प्रसादाला न जाणं ही लहान गोष्ट नव्हे. जी बसून राहते तिच्याकडे बाकीच्या वळून बघतात. हिनं काय पाप केलं, की फादरांपुढे पापाची कबुली द्यायची राहिली? एकीनं जाता जाता त्यांना कोपरानं ढोसलं, "ऊठ की गं, आज तर ऊठ." त्यांनी तिला हातानं पुढे जा म्हणून खुणावलं. रांगेतून परतणारी प्रत्येक बाई त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या माझ्या खांद्याला खांदा लावून समोर बघत होत्या. मला एकदम खूप बोलावंसं वाटलं. पण चर्च होतं, आणि माझ्या तोंडाचा तिथला इतिहास काही चांगला नव्हता.

नात आता दहावीत आहे. एक रविवार तिकडे जाते, एक आमच्याकडे येते, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी मलाच विचारते, आजी, मी घेऊ की नको? मी म्हणते, तुझ्या फादरांना विचार. ती म्हणते, त्यांना विचारलं तर ते म्हणतात, आजीला विचार. ते असो. आपापसात काय ठरवायचं ते मोठी माणसं ठरवतील तेव्हा ठरवतील. माझं मन मात्र स्नानसंस्काराच्या त्या दुपारी, मिस्सेनंतर, विहीणबाईंच्या परसात जातं. तीन दगडांच्या चुलीवर मटणाचं पातेलं होतं. त्या उकिडव्या बसून जाळ सारत होत्या, उठून कांदा आणत होत्या, पुन्हा बसत होत्या, पोरीसारख्या. मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "प्रसादाला का नाही गेलात?"

त्यांनी वर बघितलंच नाही.

"गुडघं दुखत्यात माजं. तुमाला काय वाटलं, तुमच्यासाठी बसले व्हय? लई भाव नका खाऊ, विहीणबाई. ती परात द्या इकडं."